दिनकर मिस्त्रींचा शेवटचा सायलेंसर

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढं उभी आहे. लोखंड आधी कुठून गंजतं? बाहेरून, की आतून?

हसू नका! देवाच्या दारात ही बाई लोखंडाचं काय घेऊन बसली, असं वाटतंय ना? वाटू द्या. तुमचं उत्तर तुमच्यापाशी ठेवा आणि माझ्याबरोबर कोल्हापूरला चला.

तिथं उद्यमनगरात दिनकर मिस्त्री नावाचे गृहस्थ होते. मोटरसायकलचे सायलेंसर बनवायचे. कंपनीचा कुजून पडला, की लोक मिस्त्रींच्या दारात. पोरं यायची — "मिस्त्री, असा बनवा की गल्ली हादरली पाहिजे!" मिस्त्री म्हणायचे, "गल्ली हादरवायची तर ढोल घे की! माझ्याकडं आवाज पोटात ठेवून मिळतो."

आणि त्यांची एक खोड होती. प्रत्येक सायलेंसरच्या पोटाशी, अगदी खालच्या जागी, ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पाडायचे. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी हजर — "मिस्त्री, गळतंय! भोक बुजवायचं राहिलं!" काही शहाणे तर परस्पर दुसरीकडून बुजवून घ्यायचे. आणि दोन पावसाळ्यांत सायलेंसर कुजवून परत मिस्त्रींच्याच दारात!

मिस्त्रींची एकुलती एक मुलगी कुमुदिनी. सांगलीच्या कॉलेजात ग्रंथपाल. अफाट वाचलेली, मोजकं बोलणारी. रोज मोटरसायकलवरून कॉलेजला जायची, आणि गाडी कुणी शिकवली? बापानं! पण वडिलांकडं मात्र यायची एसटीनं, महिन्यातून एकदा. चहा घ्यायची, औषधं विचारायची, चारच्या गाडीनं परत.

तर तो एक मंगळवार. साधा मंगळवार, मंडळी! त्याच्या कपाळावर काही लिहिलेलं नव्हतं. कुमुदिनी गाडी टेम्पोत घालून आली. सायलेंसर मधोमध फुटला होता. मिस्त्रींनी तो सोडवला, हातोडीनं एक टोला दिला — आतून गंजाची पोळीच्या पोळी बाहेर पडली.

"बाहेरून तर चकचकीत होता, आप्पा."

"बाहेरून सगळंच चकचकीत असतंय गं. गाडी रोज किती पळवतीस?"

"घर ते कॉलेज. दोन किलोमीटर."

"मग बरोबर हाय. इंजिन जळतं तसं आत पाणी तयार होतंय. लांब गेलीस तर नळी तापती, पाणी वाफ होऊन उडून जातंय. तू तापायच्या आधीच बंद करतीस. पाणी तिथंच. रोज थोडं, रोज थोडं — आतून खात बसतंय."

बाजूला मेहबूबभाई वेल्डिंग करत होते. मिस्त्रींबरोबर तीस वर्षं काढलेला माणूस. काच वर करून म्हणाले, "कुमूताई, साधा लोखंडी पत्रा पुन्हा नको. पुन्हा हेच व्हायचं."

कुमुदिनी वाचून आली होती! वाचलेल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरी आहे त्याला विचारा. "टायटॅनियम घालायचं," ती म्हणाली. "गंजत नाही, स्टेनलेसच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं, आणि तापलं की निळं होतं."

"निळं होतंय, खरं हाय. मोरासारखं दिसतंय. पण ते शर्यतीच्या गाडीला. तिथं मूठभर वजनावर हारजीत असती. तू काय पुस्तकं घेऊन शर्यतीला जातीस? आणि आवाज पातळ येतोय, पत्र्याच्या डब्यागत. तुला स्टेनलेस बास. वजन जरा जास्त, पण आवाज भरीव. मार खाईल, पोचा पडला तर कुणीबी ठोकून काढंल. आणि खाली भोक."

"आप्पा, स्टेनलेसला भोक कशाला? नवीन वस्तू गळकी करून द्यायची?"

"स्टेनलेस झालं म्हणून काय अमर झालं? साठलेलं पाणी कुणालाच सोडत नाही." मग स्क्रू घट्ट करता करता, मान वर न करता म्हणाले, "आणि जरा लांब जात जा. सांगली-कोल्हापूर पन्नास किलोमीटर. तेवढ्यात मस्त तापती नळी."

कळलं का, मंडळी? बाप काय म्हणाला? "ये" म्हणाला! पण आपल्याकडचे बाप सरळ बोलतील तर शपथ!

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कॉलेजातल्या बाई होत्या. "कुठं आहात, मॅडम?" कुमुदिनी म्हणाली, "कोल्हापुरात. एका वर्कशॉपमध्ये काम आहे."

एका वर्कशॉपमध्ये!

बारा वर्षं कॉलेजात तिनं हेच केलं होतं. वडील काय करतात? "इंजिनिअरिंगचा व्यवसाय." खोटं नव्हतं हो! पण खरं तरी होतं का? मिस्त्री पाच फुटांवर उभे. हातोडी एक क्षण थांबली. पुन्हा चालू झाली. हातोडी थांबलेली तिनं ऐकली. त्यांना कळलं, की तिनं ऐकलं.

ती गाडी ठेवून निघाली, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "कुठला पत्रा ते तूच ठरीव. पुढच्या मंगळवारी ये."

पुढचा मंगळवार आला. मिस्त्री नव्हते. गुरुवारी सकाळी आंघोळीला पाणी काढलं आणि तिथंच बसले. बसले ते बसलेच.

दिवसकार्य झाल्यावर कुमुदिनी वर्कशॉपमध्ये गेली. मेहबूबभाईंनी टेबलावरचं फडकं बाजूला केलं. डावीकडं टायटॅनियमचा कोरा पत्रा. तिच्या शब्दाखातर पुण्याहून मागवलेला! आणि उजवीकडं स्टेनलेसचं नळकांडं, वळून तयार. वेल्डिंगची शिवण बाकी. पोटाशी खडूनं एक बारीक गोल.

"दोन्ही ठेवलेत," मेहबूबभाई म्हणाले. "बोलला, ती म्हणंल ते जोड. मी विचारलं, स्टेनलेस आधीच का वळलंस मग? तर हसला. म्हणाला, माझा हात मोकळा होता. तुम्ही सांगा कुमूताई, कुठला जोडू?"

आता बघा. एक तिला हवा होता म्हणून आणलेला. एक तिच्या भल्याचा म्हणून वळलेला. तिनं वाचलेल्या पुस्तकांत याचं उत्तर होतं का हो?

तिनं खडूच्या गोलावर बोट ठेवलं. पुसणार नाही, इतकं हलकं. म्हणाली, "हा जोडा. आणि भोक मी पाडते."

तिनं स्वतः ड्रिल धरलं! सायलेंसर बसला. गाडी चालू केली. आवाज कसा? भरीव, पोटातला. आणि त्या भोकातून पाणी — टप्. टप्. फरशीवर. मेहबूबभाईंनी तोंड फिरवलं. ती बघत राहिली.

आणि मग एसटी नाही, टेम्पो नाही! गाडीवरून निघाली सांगलीला. सायलेंसर तापला. आतलं सगळं उडून गेलं.

सांगली जवळ आली, आणि नाक्यावर शिट्टी! "ओ मॅडम, बाजूला घ्या! सायलेंसर बदललाय? पोरांचे पकडून पकडून वैताग आलाय, आता तुम्ही पण?" हवालदारानं गाडी चालू करायला लावली, कान लावला. दोनदा मूठ पिळायला लावली. "आवाज तर काहीच नाही!" वाकून बघितलं. "पण इथं भोक पडलंय की."

"पडलेलं नाही. ठेवलंय. पाणी आत साठू नये म्हणून."

हवालदार सरळ उभा राहिला. "काम झ्याक आहे हो. कुणी बनवलं?"

थांबा, मंडळी! टाळ थांबवा. त्या नाक्यावर आता तुम्हाला उभं करते. ज्यांच्या काळ्या झालेल्या हातांनी तुम्हाला उभं केलं, त्यांचं नाव चारचौघांत कधी घेतलंत? की तुम्हीही दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारताय — चहा, औषधं, चारची गाडी — आणि तापायच्या आधीच बंद? उद्या विचारणारा असेल, ऐकणारा नसेल. घरी जा, जो आहे त्याच्यासमोर बोला!

कुमुदिनीचा ऐकणारा गेला होता. तरी तिनं हेल्मेट काढलं. मागं गाड्यांची रांग लागलेली. पाच फुटांवर कुणी उभं असावं, त्याला ऐकू जावं, इतक्या मोठ्यानं ती म्हणाली —

"माझ्या वडिलांनी. मी दिनकर सायलेंसरवाल्याची मुलगी!"