एकेचाळिसावा बाक

नाही, पण मला एक सांगा साहेब – ज्याचा सख्खा धाकटा भाऊ घरात बसलाय, चांगला धडधाकट, त्याला शाळेने आणखी एक धाकटा भाऊ कशाला द्यायचा? आईला विचारलं, ती म्हणाली, जेव गप. बाबांना विचारलं, त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. फादरना विचारलं – म्हणजे तेव्हाचे फादर, आत्ताचे नंतर आले – तर ते डोक्यावर हात फिरवून म्हणाले, छान प्रश्न आहे. छान प्रश्न! अहो, उत्तर कुठाय? अठ्ठावीस वर्षांचा घोडा झालो, अजून कुणी दिलं नाही. – बसा, बसा, नीट टेकून बसा, हे बाकडं मीच केलंय, हत्ती बसला तरी कुरकुरणार नाही. फादर चॅपेलमध्ये गेलेत, अर्धा तास तरी हलत नाहीत. माझं काम? माझं किरकोळ आहे हो. तुम्ही विचारलंत ना, शाळा कशी आहे म्हणून? मग त्या कारकुनाला कशाला विचारता, तो तुम्हाला छापील कागद देईल. मला विचारा.

तर ते भावाचं. इथे पाचवीत पोरगा आला की त्याला नववीतला एक मोठा पोरगा जोडून देतात. त्याला दादा म्हणायचं. दादाने काय करायचं? बुटाच्या नाड्या शिकवायच्या, शुक्रवारी डबा एकत्र खायचा, कुणी मारलं तर मध्ये पडायचं – आणि घरी काही अडचण झाली तर जायचं. किती वर्षं जायचं हे कुठे लिहिलेलं नाही. म्हणून लोक जातच राहतात! शाळा सुटून वीस वर्षं झालेले टकले बाप्ये एकमेकांना दादा म्हणत लग्नाला येतात, दवाखान्यात येतात, घर बदलताना कपाटं उचलायला येतात. तर माझा दादा नववीत गेला आणि त्याला मिळाला एक गोल गरगरीत पोरगा. भोपळ्या. मीच नाव ठेवलं, सहा वर्षांचा होतो मी, पण नाव बसलं ते बसलं. दर शुक्रवारी दादाच्या डब्यात एक पोळी जास्त. का? भोपळ्याला आवडते. अरे, आवडते तर मलापण आवडते! पण मी काय, घरचाच. घरच्याला कोण विचारतो.

हसू नका, मला खरंच राग यायचा. दहाव्या वर्षी मला इथे घातलं, तोवर दादा शाळेतून बाहेर पडला होता, तेव्हा मलाही एक नववीतला द्यायला निघाले. मी म्हटलं, नको, मला घरी आहे. फादर म्हणाले, असू दे, दोन असले तर बिघडतं काय? म्हटलं, बिघडतं! – असा मी. शिकलो किती म्हणाल तर सातवी. तीपण दोनदा. गणिताच्या सरांनी मला फळ्याकडे बोलावलं की मी खिडकीकडे जायचो. एकदा खिडकीतून उडीच मारली, थेट तुळशीच्या वाफ्यात नाही – वाफा गुलाबांचा होता, काटे अजून आठवतात – आणि घरी. म्हटलं संपली शाळा. पण ही माणसं सोडतात का? मागे कार्यशाळा आहे, ती पत्र्याची. तिथले ब्रदर, म्हातारे, कानाने कमी, ते घरी आले आणि आईला म्हणाले, पोराला पुस्तक नको तर नको, हाताला काहीतरी हवं, उद्या सकाळी पाठवा. मी गेलो ते त्यांच्या हातचा मार खायच्या तयारीने. तर म्हातारबुवांनी रंधा हातात दिला, म्हणाले, ही फळी सरळ कर. तीन दिवस एकच फळी. चौथ्या दिवशी ती डोळ्यांसमोर धरली, म्हणाले, आता ही फळी तुझं ऐकते. साहेब, तोवर माझं कुणीच ऐकलं नव्हतं हो! आज माझं दुकान आहे, हाताखाली दोन माणसं आहेत. लिहायला मात्र अजून फक्त सही येते. आणि ती सही – जाऊ दे, सहीचं नंतर.

आई? आईपण इथेच शिकली. शनिवारी दुपारी आयांचा वर्ग असायचा, अजून आहे. पालकसभेला अंगठा उठवायची लाज वाटते म्हणून घरी बसायची ती, आणि वर्षभरात अशी सही ठोकायला लागली की पोस्टमन घाबरायचा. धर्माचं म्हणाल तर आम्ही त्यांच्यातलेच, पण आमचा शेजारी नाही, त्याची दोन्ही पोरं इथून शिकली, कुणी कान धरून चॅपेलमध्ये बसवलं नाही. फक्त सकाळी दोन मिनिटं शांत उभं राहायचं. पोरांना तेवढंच अवघड जातं. – तो खांबाला टेकून उभा आहे तो तुमचाच ना? नाकावरून ओळखलं. पाचवी? अरे वा. आमचापण पाचवीचाच. म्हणजे पुतण्या माझा. दादाचा मुलगा.

दादा – हो, होता. उद्या सहा आठवडे होतील. पाणीखात्यात होता. सकाळी कामावर निघताना नाडी बांधायला वाकला, तो वाकलाच. छत्तीस वर्षांचा. वहिनी ओट्यापाशी होती, तिला वाटलं काहीतरी शोधतोय खाली. – नाही, नाही, तुम्ही कशाला वाईट वाटून घेताय, मी बराय, मी चांगला आहे. हे बघा, हसतोय. मला मौतीतली गंमतच सांगायची होती तुम्हाला. पुरायला गेलो तर शंभर-दीडशे माणसं, शाळेची गाणारी पोरं ओळीने उभी, आणि सगळ्यांत पुढे कोण? भोपळ्या! आता त्याची पावाची भट्टी आहे, स्वतःच पावासारखा फुगलाय. आणि रडतोय कसा – माझ्यापेक्षा मोठ्याने! मोठ्याने म्हणजे किती, गाणाऱ्या पोरांचा सूर चुकला. म्हणतो, माझा दादा गेला. मी म्हटलं, तुझा? तुझा कुठला रे? माझा गेला! आणि ढकलला त्याला. तो ढिम्म हलला नाही, मीच मागे पडलो, फुलांच्या टोपलीत. वहिनी एवढ्या दुःखात म्हणते, भाऊजी, उठा, निदान आज तरी भांडू नका. आता सांगा, ही काय वेळ होती का? पण झालं ते झालं.

आता तुमचा विश्वास बसणार नाही अशी एक पद्धत सांगतो. शाळा उघडायला आठवडा उरला की त्या शनिवारी – म्हणजे गेल्या शनिवारी – पाचवीतल्या नव्या पोरांनी आपापल्या बापाला घेऊन यायचं आणि दोघांनी मिळून पोराचा बाक घासायचा, पॉलिश करायचा. इथे एकाला एकच बाक, जोडीचे बाक नाहीत. वर्गात चाळीस बाक, म्हणून पोरं चाळीस. बाप इंजिनिअर असो नाहीतर हमाल, बाही वर करून बसायचं. माझ्या वेळी बाबांनी चुना लावल्यासारखं पॉलिश फासलं होतं, पँट चिकटायची. तर पुतण्याला या वेळी कोण? मी! मी काका, त्यात सुतार – पंचक्रोशीत असं पॉलिश कुणाच्या बापाला जमणार नाही. वहिनीला म्हटलं, तू पोराला सोडून कामावर जा, मी पोचतोच, असा बाक करतो की त्यात तोंड बघून भांग पाडेल.

आणि मला उशीर झाला. वाहतूक फार होती. – बरं, वाहतूक नव्हती. मी वेळेवर आलो होतो. फाटकाबाहेर उभा राहिलो, एक तास. आतून घासायचा आवाज येत होता, चाळीस बाप, खर्र खर्र खर्र, आणि मधूनच कुणीतरी हसायचं. पाय उचलेना. मला वाटलं, मी आत गेलो, त्याच्या शेजारी बसलो, की मग खरंच झालं ते. मग दादाच्या जागी मी बसलोच की! तोवर कसं, कुणी बसलेलं नव्हतं ना तिथे. – हे मी वहिनीलापण सांगितलेलं नाही हं. तुम्हाला का सांगतोय देव जाणे.

शेवटी गेलो आत. तर काय बघतो? पोरगा एकटा उभा दिसला असणार, म्हणून भोपळ्या त्याच्या शेजारी मांडी ठोकून बसलाय. दर वर्षी येतो म्हणे तो या शनिवारी, सगळ्यांना पाव वाटायला. आणि पॉलिश – अहो, काय ते पॉलिश! घासायचं आडवं, लाकडाच्या धाग्याच्या उलट, वर बोटभर थर, बुडबुडे आलेले, पुरणावर तूप सोडावं तसं! आणि पोरगा हसतोय. नाकाला पॉलिश लागलंय आणि हसतोय. घरी महिनाभर तोंडातून शब्द नव्हता त्याच्या. मी त्याला खेळणी आणली, सायकल आणली, माकडासारख्या उड्या मारून दाखवल्या, काही नाही. आणि हा भोपळ्या त्याला सांगत होता, तुझा बाप मला एक पोळी जास्त आणायचा.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, माझा भाऊ खाल्लास, आता पुतण्या खा! सगळे बाप बघताहेत. पोराचा दंड धरला, सरळ कचेरीत. म्हटलं, आमचा पोरगा तुमच्या शाळेत येणार नाही, द्या कागद. कारकून म्हणाला, विचार करा. मी म्हटलं, विचार कसला, तुला काय वाटलं, मला सही येत नाही? आणि केली. अशी झोकदार केली! वहिनी नोकरीमुळे सारखी येऊ शकत नाही, म्हणून तिनेच मला शाळेत पालक म्हणून लिहून दिलं होतं, त्यामुळे माझी सही चालली. वहिनीला अजून माहीत नाही. सोमवारी शाळा उघडते, ती गणवेशाला बटणं लावत बसलीये. पोरगा माझ्याशी बोलत नाही, आईला सांगतपण नाही – मला वाचवतोय तो, कळलं का तुम्हाला? दहा वर्षांचा पोर मला वाचवतोय.

म्हणून आलोय. तेच माझं किरकोळ काम. फादरच्या पाया पडणार, म्हणणार, गाढव आहे मी, कागद फाडा. आणि फाडतील ते, चांगले आहेत – का, काय झालं? असे का बघताय? तुमच्या हातात कसलं पत्र आहे ते? नाही, मला काय दाखवता, मला सावकाश वाचता येतं, शाळेची मोहोर कळते. हां. पाचवी. ‘एक… जागा… रिकामी झाल्यामुळे.’ कालची तारीख.

एक जागा.

हात्तिच्या! म्हणजे अर्धा तास मी तुम्हाला शाळेचं गुणगान ऐकवतोय आणि तुम्ही – नाही हो, तुमची काय चूक, तुम्ही तर तोंडच उघडलं नाहीत. यादीत पहिले होतात, बोलावलं, आलात. दोन वर्षं वाट बघितलीत? दोन वर्षं! पत्र परत कशाला घडी घालताय? खिशात ठेवा ते. ठेवा म्हणतो ना! तुम्ही उठून जाणार, आणि मी त्या खांबाजवळच्या नाकवाल्याला काय सांगू? एका पोराचं वाटोळं करून झालंय माझं, दुसऱ्याचं नाही करायचं. थांबा, मला विचार करू द्या. मला सवय नाही, वेळ लागेल.

जागा नाही. जागा नाही म्हणजे काय नाही? बाक नाही! चाळीस बाक म्हणून चाळीस पोरं, एवढंच ना? फादरनी असं कुठे म्हटलंय की देवाने चाळीसच सांगितलेत? उठा, चला, हा समोरचाच वर्ग पाचवीचा. या आत. बघा, खिडकीकडची रांग – कपाट पलीकडच्या भिंतीला सरकवलं तर? उचला तिकडून. लावा जोर, ऑफिसात बसून बसून हात मऊ झालेत तुमचे. हां! आता ही जागा बघा. फादरना विचारायचं? विचारू की, बाक आत आणल्यावर विचारू. आतला बाक आणि आतलं पोर हे फादर कधी बाहेर काढत नाहीत, मला तरी त्यांनी कुठे काढलं, मीच उडी मारली होती. लाकूड दुकानात आहे, चांगलं सागवान, दादाच्या घरच्या येशूच्या देव्हाऱ्यासाठी ठेवलं होतं. येत्या शनिवारी दुपारी तुम्ही पोराला घेऊन या, बाही वर करून. भोपळ्यालापण बोलावतो. हो, बोलावतो! माझ्या पुतण्याचा बाक पुन्हा घासायचाय, तो मी आणि तो मिळून घासू, त्याला धागा कुठला आणि उलटं कुठलं हे एकदा शिकवायलाच हवं. पाव आणेल तो. पॉलिशच्या डब्याला मात्र हात लावू द्यायचा नाही.

धरा, टेपचं हे टोक धरा. भिंतीला, भिंतीला टेकवा, वाकून. कोपऱ्यात घट्ट दाबा, सोडायचं नाही. दादासाठी करण्यासारखं माझ्याकडे एवढंच उरलंय, ते तरी सरळ, दोरीत होऊ दे. आणि आता एक शब्द बोलू नका साहेब, मी मोजतोय.