मामांची दोन रंगांची जीप

मंडळी, उत्रोलीकरांनो, वेल्ह्याच्या डोंगरातनं चालत आलेल्या धनगर भावांनो, तुमी मला बोलाय उभं केलंय. माझी शाळा दुसरीतच सुटली. चारचौघांत बोलायची सवय न्हाई. त्यात आज गेलेल्या मामांबद्दल बोलायच्या आधी मला माझंच एक सांगायचंय.

तुमचे मिस्त्री ते माझे मामा. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली मोडकी जीप त्यांनी आणली. आमी दोघांनी ती खोलली. डाव्या अंगाला गोळीचा पोचा होता. म्या म्हणालो, मामा, ठोकून काढू, लाल रंग देऊ, भोरच्या बाजारात लोक वळून बघतील.

मामा म्हणाले, "वळून बघाया तुझी वरात हाय व्हय? तो पोचा कुणाच्या तरी जिवावरचा हाय. राहू दे."

त्यावरनं आमचं वाजलं. म्या इंदूरला मोटारीच्या कामावर गेलो. तीन वर्सं फिरकलो न्हाई.

परवा आलो. मामांची राख गार झालेली. आन् अंगणात जीप. डावी बाजू तशीच हिरवी, पोच्यासकट. उजवी लालभडक.

माझं डोकं फिरलं. मामांचे जावई, आपले सदाशिवदाजी, हितंच बसलेत. म्या त्यांना सगळ्यांदेखत म्हणालो, म्हातारा अंथरुणाला खिळला तसं तुमी गिऱ्हाईक गाठलंत. निम्मी रंगवली आन् मयत आडवी आली. व्हय का न्हाई?

दाजी गप. गप म्हंजे चोर, म्या धरलं. मामी म्हणाली, तुझ्या मामांनीच लावलाय रंग. मला ते बी पटंना. लेकीचा संसार झाकतीया, म्हणलं.

मंडळी, मामांची एक खोड होती. स्क्रू आवळला की त्याची खाच उभी ठेवायची. आडव्या खाचेत पाणी साचतं, गंज धरतो. दाजींच्या हातचा स्क्रू कसाबी बसतो, ते सोताच हसून सांगतील.

तर म्या चोर पकडाय गेलो. रंग द्यायचा तर पत्रा खोलून परत आवळाय लागतो, म्हणून लाल बाजूचा एकेक स्क्रू बोटानं चाचपला. पुढनं मागपातुर सगळ्या खाचा उभ्या. एक बी वाकडी न्हाई.

आवळणारा हात मामांचाच.

मग मामीनं सांगितलं. मामा म्हणत होते, पोरगं आलंच तर निम्मी तरी त्याला आपली वाटू दे. रंगाचा डबा दाजींनीच भोरातनं आणून दिला होता.

म्या दाजींना म्हणालो, मग बोलला का न्हाईत?

दाजी म्हणाले, "तू इचारलंस कुठं? तू ठरवून आला होतास."

दाजी, ज्यांच्यादेखत बोललो, त्यांच्यादेखतच हात जोडतो. जीप तुमच्याकडंच राहू द्या. डोंगरातलं आजारी माणूस खाली आणायचं मामांचं काम तुमीच चालवा. रंग दोन्ही राहतील. पोचा कुणी ठोकायचा न्हाई. म्या बी न्हाई.

आता उठा मंडळी. गाडी बंद केली की मामा बॉनेटवर हात ठेवून घटकाभर गप उभे राहायचे. तेवढा वेळ आपण बी उभं राहू.