हनोख शिरसाठच्या पेटीच्या फळ्या

मंडळी, एक प्रश्न विचारतो. हात वर करू नका, मनातल्या मनात उत्तर द्या. शेजारचा गरीब माणूस तुम्हाला जास्त कधी आवडतो — जिवंत असताना, की मेल्यावर?

बघा! पुढच्या रांगेतले वडीलधारे लगेच छताकडे बघायला लागले. अहो, उत्तर तिथं लिहिलेलं नाही! तिथं फक्त जळमटं आहेत, आणि ती काढायची जबाबदारी तुमच्याकडेच आहे.

मृदंगवाले, जरा ठेका धरा.

देणे देणे म्हणती सारे, देती उरलेसुरले ।
जे ना सुटले हातामधुनी, तेच द्यायचे उरले ॥

तर ऐका. निंबसावळी नावाचं गाव. गावात आपली साठ ख्रिस्ती घरांची मंडळी, आणि मंडळीचे मुख्य पंच शमुवेलशेठ उजागरे. खडीच्या खाणीचे मालक. दानशूर माणूस! देवळातली घंटा त्यांची, घड्याळ त्यांचं, पंखाही त्यांचाच. पंख्याच्या पात्यांवर रंगवलेलं — ‘शमुवेल उजागरे यांजकडून सप्रेम’. आता पंखा फिरायला लागला की नाव वाचणार कसं? म्हणून शेठ भर वैशाखात, उपदेश चालू असताना, खुणेनं सांगायचे — बंद करा जरा! माणसं घामानं निथळतायत, पण नाव कसं स्वच्छ दिसतंय!

हसू नका. तुमच्या बाकांखाली कुणाकुणाची नावं कोरलेली आहेत, मी आत्ताच वाचून आलोय.

त्या गावची एक जुनी चाल होती. कुणी वारलं की प्रत्येक घरानं पेटीसाठी एक फळी द्यायची. तीमथ्य मिस्त्री त्या फळ्या ठोकून पेटी करायचा, बाया वरून काळं कापड ताणायच्या आणि पांढऱ्या फितीचा क्रूस शिवायच्या. चाल चांगली! निंबसावळीत कुणीही पेटीविना गेलं नाही. पण फळी कसली द्यायची, हे काही ठरलेलं नव्हतं. मग काय! कुणी मोडक्या खाटेची द्यायचं, कुणी खोक्याची. एक म्हातारी गेली, तिच्या उशाशी आतल्या बाजूला छापलेलं होतं — ‘हापूस. नाजूक माल. उलटा ठेवू नये.’ आणि ती फळी कुणाची? शेठचीच!

आता शेठच्या खाणीवर हनोख शिरसाठ नावाचा माणूस अठरा वर्षं खडी फोडत होता. अठरा वर्षं दगडाची धूळ छातीत भरली. खोकला सुरू झाला, काम सुटलं. गावाबाहेर एक खोपटं, त्याला दाराच्या जागी गोणपाट. पौष महिना. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून हनोख बसून राहायचा, आणि गोणपाटातून येणारा वारा थेट छातीवर घ्यायचा. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, “याला थंडीपासून जपा, नाहीतर महिना काढायचा नाही.” औषध त्यांनी दिलं. दार कोण देणार?

हनोखची बायको सुवार्ता. ती सकाळीच शेठच्या ओसरीवर गेली.

“शेठ, चार फळ्या द्या. दार करायचंय.”

शेठ गूळ-शेंगदाणे खात होते. “फळ्या आहेत गं. पण मंडळीची चाल पेटीची आहे, दाराची नाही. आज तुला दिल्या, उद्या सगळे दारं मागतील.”

“मागू देत की.”

“मग मेलेल्यांनी काय करायचं?”

“त्यांना थंडी वाजत नाही, शेठ.”

आता यावर काय बोलणार? पण पंच झालेल्या माणसाला उत्तर सुचलं नाही की तो काय करतो? कमिटी बोलावतो! शेठ म्हणाले, “विषय पंचांपुढं ठेवतो. ईस्टर झाला की.”

ईस्टर झाला की! पौषातल्या थंडीवर चैत्रात विचार होणार! बाई पदर खोचून निघून गेली.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती मंडळीच्या वस्तीत उभी. बाईचं नाव सुवार्ता, आणि आणली कसली वार्ता? “आमचे हे गेले हो! चार वाजता माती द्यायचीय. फळ्या कुंपणापाशी ठेवा. आत येऊ नका, खोकला लागट होता.”

आत येऊ नका म्हटल्यावर — मंडळी, खरं सांगा — वस्तीला दुःख झालं की सुटका? जो तो फळी घेऊन गेला, कुंपणाला टेकवली आणि आला तसा परतला. डोकावलं कुणीच नाही.

शेठना निरोप पोचला तेव्हा त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. काही म्हणा, माणूस दगडाच्या धंद्यातला असला तरी दगड नव्हता. अठरा वर्षांतला हनोख डोळ्यांपुढं आला. सुरुंगाची वात पेटवून शेवटी पळणारा हनोख. शेठच्या मुलाला विंचू चावला तेव्हा खांद्यावर घेऊन तीन कोस धावणारा हनोख. शेठ रडले. खोटं नाही, खरंच रडले! आणि माळ्यावरची सागवानी फळी काढली, जी कपाटासाठी राखून ठेवली होती. “त्याला खोक्याची नको,” बायकोला म्हणाले, आणि फळी कुंपणापाशी पाठवून दिली. मग कागद घेऊन बसले आणि कबरीपाशी करायचं भाषण लिहून काढलं. कागद खिशात घातला. बरं वाटलं त्यांना. फार बरं वाटलं.

चारच्या सुमाराला सगळी मंडळी निघाली. पांढरे कपडे, हातात हार, पुढं बायबल घेऊन पाळकसाहेब, त्यांच्या मागं शेठ. खोपटाशी पोचले. बघतात तर काय — गोणपाट नाही! तिथं दार! ठिगळाठिगळाचं, अर्धं खाटेचं, अर्धं खोक्याचं, आणि मधोमध एक लखलखीत सागवानी फळी!

पाळकसाहेबांना काही सुचेना. सुचेना म्हणून त्यांनी दार वाजवलं.

आतून सुवार्ताबाईनं उघडलं. “या. आमच्याकडं दार वाजवून आलेले तुम्ही पहिलेच.”

आणि तिच्या मागं, भिंतीला टेकून, घोंगडी पांघरून — हनोख! खोकत होता! हार कुणाला घालायचा? अहो, शास्त्रातलासुद्धा हनोख मेला नव्हता, देवानं त्याला जिवंतच उचलून नेलं, हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात नव्हतं!

एकच गलका उडाला. “फसवलं!” “खोटं बोलू नको, ही नववी आज्ञा मोडली हिनं!” दहा आज्ञा असतात मंडळी, पण दुसऱ्यानं मोडलेली आपल्याला बरोबर नंबरासकट आठवते. कुणी तीमथ्य मिस्त्रीला धरलं, “तू कसा रे सामील?”

मिस्त्री म्हणाला, “मी माप घ्यायला आलो होतो. बघितलं तर मयत चहा पीत होतं. बाई म्हणाली, माप घ्याच, पण दाराचं.”

सुवार्ताबाई बाहेर येऊन पाळकसाहेबांपुढं उभी राहिली. “खोटं बोलले. देवापुढं कबूल आहे, मला शिक्षा द्या. पण चार दिवसांनी तुम्ही याच फळ्या आणल्या असत्या. मी चार दिवस आधी आणवल्या, एवढंच.”

शेठचे कान लाल झाले होते. साठ घरांदेखत! आणि ते रडणं? ते फुकट गेलं? “माझी फळी मेलेल्या माणसासाठी होती,” ते म्हणाले. “काढा ती.”

कुणी हलेना. शेठनी मिस्त्रीच्या हातातली हातोडी हिसकावली, उंबऱ्यात उभे राहिले आणि सागवानी फळीचा पहिला खिळा उपटायला लागले. दार सताड उघडं, मागून वारा. आतून हनोखचा आवाज आला, तोसुद्धा तुटत तुटत —

“शेठ... फळी न्या... पण दार लावून घ्या आणि मग काढा. वारा लागतोय.”

आता सवय ती सवय. दारं असलेल्या घरातला माणूस, कुणी दार लावा म्हटलं की लावतो. शेठनी दार लावलं. स्वतः आतच राहिले.

आणि वारा थांबला.

एवढ्या वर्षांत शेठ या खोपटात कधी आले नव्हते. अंधार होता. हनोखचा श्वास ऐकू येत होता, चाळणीतून खडी ओतल्यासारखा. तो आवाज शेठना ओळखीचा वाटला. खाणीवर दिवसभर तोच आवाज असायचा. तो या माणसाच्या छातीत राहायला आला होता.

“खिशातून डोकावतोय तो कागद कसला?” हनोखनं विचारलं.

“काही नाही.”

“भाषण ना? वाचा की. मेल्यावर मला कुठं ऐकू येणार होतं?”

शेठ नको म्हणाले. हनोख म्हणाला, “माझ्याच मयताचं आहे, शेठ. माझा हक्क आहे.”

शेठनी फटीच्या उजेडात कागद उलगडला. घसा साफ केला. “हनोख शिरसाठ हा माझा नोकर नव्हता. तो मला सख्ख्या भावासारखा —”

पुढं वाचता येईना. कागदावर अक्षरं होती, चष्माही डोळ्यांवर होता. पण समोर तो भाऊ गोधडीच्या चिंधीत थुंकत होता, आणि थुंकीत करडी धूळ होती.

“छान लिहिलंय,” हनोख म्हणाला. “दारासाठी फळ्या मागायला ही आली, तेव्हा कागद नव्हता का घरात?”

बाहेर मंडळी कान देऊन उभी. हातोडीचा आवाज का येत नाही? आला! ठक, ठक, ठक! एक पंच म्हणाले, “काढली वाटतं फळी.” तीमथ्य मिस्त्री कारागीर माणूस. तो म्हणाला, “उपटताना असा आवाज येत नाही. हा ठोकायचा आहे.”

दार उघडलं. शेठ बाहेर आले. “सुवार्ताबाई,” — बाई म्हणाले, मंडळी! पहिल्यांदा! — “खालून वीतभर फट राहिलीय. अजून एक फळी लागेल. कुणाकडं आहे?”

एक पंच चाचरत म्हणाले, “शेठ, पण मेलंय कोण?”

“कुणी नाही,” शेठ म्हणाले. “म्हणूनच घाई आहे.”

मी तुम्हाला चमत्कार सांगणार नाही. दारानं छातीतली धूळ जात नाही. हनोख अजून दोन हिवाळे जगला, पण घोंगडीत, वाऱ्याबाहेर. खाणीवर रोज पाणी मारून धूळ बसवायला लागले, आणि त्या पाण्याच्या टाकीवर कुणाचं नाव नाही. ईस्टर झाल्यावर पंचांनी सुवार्ताबाईला खोटं बोलल्याबद्दल एक महिना मागच्या बाकावर बसवलं. पंखा आता बंद होत नव्हता, आणि तिथं त्याचा वारा जास्त लागायचा म्हणून ती शिक्षा संपल्यावरही तिथंच बसली!

आता तुमचं काय? माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. प्रभूनं श्रीमंताला ‘मेल्यावर दे’ असं कुठंही सांगितलेलं नाही. तुमच्या गल्लीत कोण खोकतंय, कुणाच्या घरी चूल एकवेळ पेटते, तुम्हाला माहीत आहे. मला सांगू नका, मी परगावचा. त्याच्या मयताला तुम्ही काय बोलणार, हेसुद्धा तुम्हाला माहीत आहे. अर्धं भाषण तर आत्ताच मनात तयार झालं!

चला, उभे राहा. पाळकसाहेब मला म्हणतायत, शेवटची प्रार्थना जरा मोठी करा. नाही करणार. एका माणसाला खांद्यावर फळी घेऊन जितका वेळ उभं राहता येईल, तेवढीच करतो.