घसरणारा चष्मा

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक, व्यासपीठावर बसलेल्या डॉक्टरबाई, माझे सहकारी, इतक्या वर्षांची जुनी गिऱ्हाइकं, आणि पहिल्या रांगेत माझ्याकडे न बघता बसलेली माझी बायको, आपणा सर्वांना नमस्कार.

मला बसून बोलायला सांगितलंय. पण जन्म काउंटरमागे उभ्यानं गेला, निरोपाला बसलो तर माझंच मला हसू येईल. धाप लागली तर थांबेन. तेवढ्यात तुम्ही टाळ्या वाजवा, म्हणजे कुणाला कळायचं नाही.

मालक आत्ता म्हणाले, माझ्या हातानं बसवलेला चष्मा कधी घसरला नाही. आभारी आहे. पण एक घसरला, माझाच. आधी कान लालबुंद होऊन सुजले, काडी टेकली तरी कळ यायची. मी काय केलं? काडी सैल केली. दुकानात चेष्टा सुरू, "मालकांनी कान पिळले वाटतं!" मीही हसलो. मग नाक दुखायला लागलं आणि चष्मा खाली यायला लागला. मी नाकावरचे पॅड जवळ घेतले. पुन्हा आला, पुन्हा घेतले. सांगा बरं, दिवसभर लोकांची नाकं बघणाऱ्या माणसाला स्वतःचं नाक खचतंय हे कळू नये? आम्हा लोकांना वाटतं, चेहरा कायमचा असतो, चुकते ती फ्रेम.

कळलं ते या डॉक्टरबाईंना. चष्मा घ्यायला आल्या होत्या. मी त्यांच्या कानामागची काडी बघतोय आणि त्या माझे कान बघतायत. म्हणाल्या, "काका, अख्खा कान लाल, मग पाळी तेवढी चांगली कशी?" पाळीत कूर्चा नसते, म्हणून. कूर्चा म्हणजे कानानाकातलं ते मऊ, लवचीक हाड. माझं शरीर त्यालाच शत्रू समजून खात सुटलं होतं. असा आजार लाखांत एखाद्याला होतो म्हणे. जन्मात कधी लॉटरी लागली नाही, ही बरी लागली!

मग त्यांनी दवाखान्यात माझी छाती तपासली आणि त्यांचा चेहरा पडला. हृदयातून मोठी रक्तवाहिनी निघते तिथली जागा सुजून ताणली गेली होती, झडप गळत होती. बाहेर टाकलेलं रक्त परत आत. सूज उतरेपर्यंत थांबायला वेळ नव्हता, लगेच झडप बदलली. झडप उत्तम, शिवणारे हात उत्तम, पण सुजलेल्या जागेत टाके धरेनात. एका बाजूनं ती सुटली. आता पुन्हा छाती उघडायची म्हणतात. सर्जननी तोंडावर सांगितलं, टेबलावरून उठाल याची खात्री नाही, आणि नाही केलं तर पुढचं वर्ष धरू नका.

मी नाही म्हणालो. भीती वाटते हो, सरळ सांगतो. तेव्हापासून आमची ही माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, औषध हातावर ठेवते, आडवा झालो की जीव गुदमरतो म्हणून पाठीशी उशा रचून देते. पण बोलत नाही.

मघाशी मालकांनी ही नवी फ्रेम भेट दिली. मी चढवली, ती थेट ओठांवर आली, तुम्ही हसलात. तेवढ्यात माझं बोट आपसूक पॅडवर गेलं, वाकवायला. मनात आलं, अरे, तुला पुढचं काही बघायचंच नाही ना? मग पॅड कशाला वाकवतोस?

अगं, घरी गेल्यावर सांगायचा धीर होणार नाही, म्हणून इथे सगळ्यांदेखत सांगतो. मी सोमवारी ऑपरेशनला दाखल होतो. आता तरी वर बघ.

मंडळी, तुम्ही वेळात वेळ काढून आलात, माझ्यासारख्याचं एवढं ऐकून घेतलंत, मनापासून आभार. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, थट्टेत कुणाला काही लागलं असेल, तर पोटात घाला. मालक, ही फ्रेम तुमच्या खणात ठेवा. आलो तर मीच माझ्या नाकावर बसवेन. नाही आलो तर कुणालाही द्या, पण पॅड नीट वाकवून द्या.