पाटीवरचा तास

— ढवळू नका हो! ठेवा तो चमचा बशीत. आमच्याकडे चहा ढवळत नाहीत. आधी वरची साय, मग कडू, मग तळाची खडीसाखर, जसं येतं तसं येऊ द्यायचं तोंडात. आणि तीन कप झाल्याशिवाय उठायचं नाही, आधीच सांगून ठेवते, तुम्ही रेडिओवाली माणसं दोन घोट घेता नि पळता. ते यंत्र चालू आहे का तुमचं? असू दे, असू दे, मला काय. हां, तर तुमचा प्रश्न — घड्याळं पुढे-मागे करणं बंद करावं का, आणि केलं तर कुठली वेळ ठेवावी, हिवाळी का उन्हाळी. बाई गं. ह्या घरात हा प्रश्न विचारायला आलात तुम्ही! ते बघा भिंतीवर — दोन वाजून पाच. आणि तुमच्या मनगटावर? तीन वाजून पाच, बरोबर. नाही हो, बिघडलेलं नाही, चांगलं ठणठणीत चालतं. आमच्याकडे बाराही महिने हिवाळी वेळ असते. जग मार्चमध्ये एक तास पुढे जातं, ऑक्टोबरमध्ये परत येतं; आम्ही जातच नाही. चव्वेचाळीस वर्षं झाली.

ओक्को? येईल ना, तीनला येईल. आमच्या तीनला, म्हणजे अजून तासभर आहे. समुद्राच्या बांधावर गेलाय नवरा माझा. रोज जातो, समुद्राकडे पाठ करून बाकावर बसतो आणि गायी बघतो. तुमचा काही घोटाळा झालेला नाही, फोनवर मीच तीन म्हटलं. कुणाचे तीन ते नाही म्हटलं. घ्या ना, दुसरा कप घ्या. हे ब्रसेल्सचे युरोपवाले पण कसले — मत देऊन मोकळे झाले, बदल बंद करू म्हणाले, आणि मग घोंगडं भिजत ठेवलं ते ठेवलंच. ओक्कोनं त्यांना पत्रं लिहिली. त्याआधी बर्लिनला लिहायचा, त्याआधी जुन्या राजधानीला, बॉनला. दर मार्चला एक. उत्तरं येतात हो, छापील येतात, आभारी आहोत वगैरे. तो फाईलला लावतो.

कसं राहायचं अशा घरात म्हणता? राहायचं, दुसरं काय. चर्च दहाला असतं, मी घरातून नऊला — म्हणजे आमच्या नऊला — नाही, थांबा, त्याच्याही आधी, सव्वाआठला निघायचं. चव्वेचाळीस वर्षं झाली तरी बोटं मोजावी लागतात. दातांच्या डॉक्टरची वेळ, नॉर्डेनची बस, सगळं मनात एकदा इकडून तिकडे करायचं, आणि घरात शिरलं की परत तिकडून इकडे. शेजारीण म्हणते, गेस्के, तू तर रोज परदेशात जाऊन येतेस. हसते मेली. माझी मुलगी ओल्डेनबुर्गला असते, ती विचारायची, आई, जेवायला बारा वाजता या म्हणतेस ते कुणाच्या बारा वाजता? आता येतच नाही उन्हाळ्यात. नाताळात येते फक्त, तेव्हा दोन्ही घड्याळं जुळतात. मी एकदा, एकदाच, ते भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं होतं. मुलगी सात-आठ वर्षांची असेल तेव्हा. ओक्को उठला. खुर्ची घेतली, चढला, मागे केलं, उतरला, आणि तीन दिवस माझ्याशी एक अक्षर नाही. त्याचा हट्ट बघा, तीन दिवस. नंतर मी हात नाही लावला.

का म्हणजे? तुम्हाला ठाऊक नाही? मला वाटलं गावात कुणीतरी सांगितलं असेल. रेम्टमुळे. रेम्ट त्याचा धाकटा भाऊ, तेवीस वर्षांचा होता. ऐंशी साली पहिल्यांदा घड्याळं बदलली ना, तो ईस्टरचा रविवार होता. त्या दिवशी गेला. ओहोटीला इथून बेटापर्यंत समुद्राचा तळ उघडा पडतो, त्या चिखलातून चालत जाता येतं, तीन तास लागतात. पाहुण्यांना नेण्याचा परवाना ओक्कोकडे होता — वाटाड्या होता तो, ह्या किनाऱ्यावरचा सगळ्यात चांगला, हे मी नवरा म्हणून नाही सांगत. मध्ये, दोन तासांच्या वाटेवर, एक खाडी आहे, तिथे ओहोटी संपून पाणी वळायच्या वेळेला पोचलंच पाहिजे. आधी पोचलात तर थांबता येतं. उशीर झाला तर — मागची वाट भरते आणि पुढचीही भरते. रेम्ट तासभर उशिरा पोचला. धुकं होतं. बेटावर इम्के वाट बघत होती, त्यांचा साखरपुडा ठरायचा होता, तिच्या आईनं टेबल मांडून ठेवलं होतं. तीन दिवसांनी सापडला तो.

तर ओक्को म्हणतो, घड्याळाच्या बदलानं माझा भाऊ मारला. सगळ्या पत्रांत तेच लिहितो. आणि म्हणून म्हणतो हिवाळी वेळ ठेवा, जुनी, खरी. आता माझं मत विचारता — मला वाटतं, आहे तसंच चालू द्यावं. हसू नका. अहो, बदल बंद झाला तर तो शिव्या कुणाला देणार? उन्हाळा बरा असतो आमचा. बॉनला शिव्या, बर्लिनला शिव्या, जेवण बरं जातं. ऑक्टोबरच्या शेवटी दोन्ही घड्याळं जुळली की जीव गुदमरतो ह्या घरात. सगळं जग बरोबर, आमचं घर बरोबर, मग चुकलं कोण? मग तो स्वतःकडे बघायला लागतो. मला हाक मारतो, गेस्के, सात नि पाच बाराच ना गं? ज्या माणसाला वर्षभराच्या भरत्या तोंडपाठ होत्या, तो विचारतो. पोस्टाची तिकिटं मोजून माझ्याकडून परत मोजून घेतो. मी म्हणते, हो रे, बाराच. आणि आत कुठेतरी — द्या, कप द्या इकडे.

हा तिसरा. ते यंत्र — बंद कर ते. बंद कर म्हणते ना. झालं? दिवा गेला? हो, 'तू' म्हटलं मी, माझ्या मुलीपेक्षा लहान आहेस, चालतंय. ऐक. आज तो तुला काहीतरी सांगणार आहे. सकाळी दाढी करताना मला म्हणाला, गेस्के, आज मी रेडिओवर खरं काय ते बोलून टाकतो, पंचाहत्तर झाली, किती दिवस सरकारच्या आड लपू. त्याला सांगायचंय की चूक त्याची होती. एक तास मिळवायचा तिथे त्यानं दोन मिळवले आणि भावाला मारलं. हे तो सगळ्या किनाऱ्याला ऐकवणार. इम्के ऐकेल, अजून आहे ती बेटावर. आणि — ते खरं नाही. पोरी, ते खरं नाही.

भरती-ओहोटीचं कॅलेंडर छापून यायचं ना, त्यात वेळा हिवाळी असायच्या, खाली एक बारीक ओळ — उन्हाळ्यात एक तास मिळवा. त्या कॅलेंडरवरून मी दर आठवड्याला सात दिवसांच्या वेळा खडूनं पाटीवर उतरवायची, ती पाटी तिथे, त्या दाराशी लटकायची. ते माझं काम. छापलंय तसं उतरवायचं, बाकी तो बघायचा. लग्नाला वर्ष झालं होतं. मी आतल्या बाजूची, जिथे समुद्र दिसत नाही अशा गावची, आणि हे दोघे भाऊ मला चिडवायचे — काय कोरड्या वहिनी, आज पाणी वर जातंय का खाली? रेम्ट फार चिडवायचा, पण मायेनं. मला वाटलं दाखवावं ह्यांना. त्या शनिवारी पाटी लिहिताना मी तो तास आधीच मिळवून टाकला. छापलेलं सव्वादहा, मी लिहिलं सव्वाअकरा. म्हटलं, ओक्कोचा त्रास वाचेल, शाबासकी देईल. आणि सांगायचं राहिलं. पाहुणे, केक, अंडी रंगवायची — राहिलं.

रविवारी सकाळी ओक्कोला ताप. तिथे, त्या खुर्चीत बसला होता पांघरूण घेऊन. रेम्ट दारातून म्हणाला, दादा, पाणी कधी वळतंय? ओक्कोनं पाटीकडे पाहिलं, एक तास मिळवला — जसं मिळवायला हवं तसंच मिळवला, एकच — आणि म्हणाला, सव्वाबारा. रेम्ट दोन तास आधी निघाला, म्हणजे सव्वादहाला. निघायला हवं होतं सव्वानऊला. मी तेव्हा मागे गोठ्यात होते.

संध्याकाळी नाही, दुपारीच कळलं. बेटावरून फोन आला, पोचला नाही म्हणून. ओक्को तापातच बांधाकडे धावला. मी घरात एकटी. मी पाटीजवळ गेले, फडक्यानं सगळी पाटी पुसली आणि सातही दिवसांच्या वेळा छापल्या होत्या तशा लिहिल्या, सव्वाअकराच्या जागी सव्वादहा. इतकंच केलं. कितीसा वेळ लागतो त्याला! तो परत आला, ओला, पाटीसमोर उभा राहिला आणि मोजायला लागला. सव्वादहा. एक मिळवला की सव्वाअकरा. मग मी सव्वाबारा कसं म्हणालो? मी दोन मिळवले? गेस्के, मी दोन मिळवले का गं? आणि मी म्हटलं, तुला ताप होता रे.

आता कळलं? तो चव्वेचाळीस वर्षं तीच बेरीज करतोय. त्याची बेरीज बरोबर आहे. चिखलात परत पाऊल नाही टाकलं त्यानं, परवाना परत केला, समुद्राकडे तोंड करून बसत नाही. मी सांगेन म्हणायची — पुढच्या वर्षी, मुलगी मोठी झाली की, त्याची आई गेली की. आणि दर वर्षी ते जास्त जड होतं, कारण आता नुसती पाटी नाही ना सांगायची, मधली सगळी वर्षं पण सांगायची. मी तरी कुठे सुटलेय? त्याच्या घड्याळात राहते, त्याच्या वेळेला जेवते, कुरकूर केली नाही कधी. कुठल्या तोंडानं करू? गावातल्या बाया म्हणतात, गेस्केचा केवढा सोशिकपणा. डोंबलाचा सोशिकपणा.

काय? गोठ्यात होते मग मला कसं — काय विचारतेस? रेम्टनं काय विचारलं, ओक्को काय म्हणाला — ते ओक्कोनंच सांगितलं ना मला नंतर. सांगितलं असेल. तू बघू नकोस अशी. बरं. नव्हते गोठ्यात. इथे होते, ह्या शेगडीपाशी, अंडी उकडत होते. ऐकलं मी. सव्वाबारा म्हणाला ते ऐकलं, आणि माझ्या मनात आलं, अगं, सव्वाअकरा ना? तोंड उघडलं होतं मी. पण आदल्याच दिवशी मी वाऱ्याबद्दल काहीतरी बोलले होते तर ओक्को भावादेखत म्हणाला होता, पाण्याचं मला शिकवू नकोस. दोघे हसले होते. म्हटलं, असेल काहीतरी, वारा असेल, ह्यांना कळतं, मला काय कळतंय. आणि राग पण होता थोडा, खोटं कशाला बोलू. म्हटलं, नाही शिकवत जा. रेम्ट टोपी घालत होता. दारात उभा राहून टोपी घालत होता, एक मिनिट तरी घालत असेल, आणि म्हणाला, येतो वहिनी. कोरड्या नाही म्हणाला त्या दिवशी, नुसतं वहिनी. मी म्हटलं, इम्केला सांग मी विचारलं म्हणून. एवढं बोलता आलं मला. ते दोन शब्द नाही बोलता आले.

हे मी कुणाला, कुणालाही — पुस तू पण डोळे, घे हा रुमाल. मी काय ठरवलंय ऐक. तुला एक तास आधी बोलावलं ते ह्यासाठीच, एकदा मोठ्यानं म्हणून बघायचं होतं, जीभ वळते का. वळली. तर आता तो आला की, तो बसायच्या आधी, तुझ्या यंत्रापुढे त्यानं तोंड उघडायच्या आधी मी त्याला सांगणार. ओक्को, तू एकच मिळवला होतास. एवढंच. मग त्यानं मला घराबाहेर काढलं तरी चालेल, मुलीकडे जाईन, नाहीतर कुठेही. पण त्यानं ते जगाला सांगायचं नाही, दुसऱ्याचं पाप आपल्या नावावर — नाही, आज नाही होऊ द्यायची मी. तू फक्त बस इथे. जाऊ नकोस. तू असलीस की मला —

फाटक वाजलं. आज लवकर आला. नाही, लवकर कुठे, तीनच वाजतायत आमचे. बस, बस, तशीच बस. केस ठीक आहेत का माझे?

ये रे. ह्या बघ आल्या रेडिओच्या बाई. ... हो, आत्ताच आल्या, बरोबर तीनला. ... मी कशाला काय सांगू त्यांना, चहा दिला फक्त. हो ना, बाई? ... लावा तुम्ही तुमचं यंत्र, लावा, त्याला बरंच बोलायचंय. ... ओक्को, थांब. तू बोलायच्या आधी मला तुला एक — ... नाही, तू ऐक ना, ते पाटीवर —

काही नाही रे. बूट काढ, एवढंच म्हणत होते. बोल तू.