उटण्यानं न निघालेलं काळं

मंडळी, ऐका! एक साधा प्रश्न विचारतो. मळ कशाला म्हणायचं? धुतल्यावर जातो तो मळ, हे शेंबडं पोरही सांगेल. मग घासघासून जे जात नाही, त्याची लाज बाळगायची का? सांगा ना! बरं, मग शेवंतीचीच हकीकत सांगतो.

वेंगुर्ल्याकडची ही शेवंती तुळसकर. वीस वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. त्या टरफलात तेल असतं — असलं जहाल, की लागलं तिथं भाजतं आणि बोटं काळीकुट्ट करून सोडतं! आपण काजूकतली खातो तोंड भरून. बोटं कुणाची काळी झाली, विचारलंय कधी?

तर तिच्या लेकीचा, प्रणिताचा, साखरपुडा ठरला. सासर सावंतवाडीचं, नावाजलेलं. शेवंतीनं आपले हात बघितले — आणि लागली कामाला! मसूर भरडला, संत्र्याची वाळकी साल कुटली, आंबेहळद घातली. घोसाळ्याची वाळलेली जाळी घेऊन रोज संध्याकाळी मोरीत घासायला बसायची. चार दिवसांत तळवे मऊ झाले हो! पण काळं? जसंच्या तसं!

मग काय, जोर वाढवला. उटणं बिचारं मेलेली कातडी काढणार. हिनं जिवंत ओरबाडली. रक्त आलं!

लेक धावत आली. "आये, इतक्या कित्याक घासतंस?"

"तुझ्या सासरच्यांका दिसतले ना गो!"

साखरपुड्याला हात पदराखाली. विहीणबाई, कमलिनीबाई, पाटावर बसल्या. आता कुंकू लावायचं शेवंतीनं. तर ही जावेला म्हणते, "तूच लाव गो."

कमलिनीबाईंचा चेहरा उतरला. "का हो? माझ्या कपाळाला हात लावायचा नाही का तुम्हाला?"

शेवंतीच्या मनात आलं, आपल्या लाजेपायी लेकीचं मोडतंय की काय! तिनं हात बाहेर काढले. काळे — आणि त्यावर लाल ओरखडे.

"रागावू नका. काजूचे हात ते. तुमच्यासाठीच घासले... काळं जाईना."

कमलिनीबाईंनी खोबरेल मागवलं. विहिणीचे हात मांडीवर घेतले आणि एकेका बोटाला तेल लावत बसल्या! भटजी म्हणतात, "मुहूर्त टळतोय." बाई म्हणतात, "टळू दे. यांना झोंबतंय."

मग म्हणाल्या, "हं, लावा आता." शेवंतीनं बोट टेकवलं. कुंकू तेलात भिजून नाकापर्यंत ओघळलं! कुणीतरी रुमाल पुढे केला. बाईंनी तो बाजूला सारला आणि तशाच फोटोला उभ्या राहिल्या — शेवंतीचा हात हातात धरून!

डोळे काय पुसता? स्वतःकडे बघा की! तुमच्या घरच्या लग्नाच्या फोटोत, मागच्या रांगेत, पदराखाली हात घेऊन कोण उभी आहे? ती आपणहून मागे गेली — की तुमच्या नजरेनं लोटली? घरी जा, तो फोटो काढून बघा. आणि ती अजून असेल, तर आधी तिच्यापाशी बसा. देवाचं नाव मग घ्या. तो थांबेल.