प्रोटेक्टरची काळजी

दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे दोघं होती: जळका अ‍ॅम्प्लिफायर घेतलेले एक गृहस्थ आणि मिक्सर घेतलेल्या एक मावशी.

“वीज पडली का हो?”

“अगदी घराजवळ, मावशी.”

“मग झटका अडवणारा तो सर्ज प्रोटेक्टर लावायचा ना!”

“आहे की! तीन महिने अभ्यास करून निवडला. त्यावर शेजाऱ्यांना व्याख्यानंही झोडली.”

“तरी जळला?”

“गडगडायला लागल्यावर मी धावत जाऊन काढला आणि कपाटात ठेवला.”

“अ‍ॅम्प्लिफायर?”

“नाही हो, प्रोटेक्टर. एवढी महागाची वस्तू, उगाच जळायची.”

“आणि अ‍ॅम्प्लिफायर?”

“तो थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावला. गाणं अर्ध्यावर होतं ना.”

“अगं बाई! प्रोटेक्टर तरी बरा आहे ना?”

“ठणठणीत. साधा ओरखडा नाही. आल्यागेल्याला बायको कपाटातून काढून दाखवते.”